पोटाखालचा पत्रा

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो. जुनी म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका. तुमच्या पणजोबांना चड्डीची नाडी बांधता येत नव्हती, तेव्हा मी रस्त्यावर होते. माझं नाक अजून चांदीसारखं चकाकतं. माझ्या दारांना आतून अक्रोडाचं लाकूड आहे, बसायला खरं कातडं आहे, आणि मागे बसणाऱ्यांना चहाचा कप ठेवायला घडीची फळी आहे. पुढच्या आणि मागच्या सीटच्या मध्ये काचेची भिंत आहे, म्हणजे मालकांचं बोलणं ड्रायव्हरला ऐकू जाऊ नये. ते मला मात्र जायचं. मागच्या सीटवर बसलेली माणसं मोटारीला बहिरी समजतात.

नाकावर माझ्या कंपनीचं नाव कोरलेलं आहे, पण ते वाचून दाखवा म्हणू नका. मला अक्षर येत नाही. मी कारखान्यातून थेट कामाला लागले, शाळा कुठली? जे कानांवर पडलं तेवढं मला ठाऊक, आणि नव्वद वर्षांत कानांवर पुष्कळ पडलं.

सध्या मी सिंगापूरला असते. शहराच्या पश्चिमेला एका कॉन्डोच्या, म्हणजे मोठ्या सोसायटीच्या, तळघरात, खांबाशेजारी, करड्या कापडाखाली. दमले आहे. इंजिन दमलेलं नाही, ते आजही पहिल्या हाकेला उठतं. मला दमवलं ते माझ्या पोटाखालच्या एका नळीने. तिचीच गोष्ट सांगते.

मोटारीच्या इंजिनात पेट्रोल जळतं. जळलं की धूर होतो, आणि तो धूर विषारी असतो. त्यातलं खरं विष तर दिसतही नाही आणि त्याला वासही नसतो. हा सगळा धूर माणसांपासून लांब, मागच्या टोकाला नेऊन सोडायचा, हे त्या नळीचं काम. मध्ये एक फुगीर डबा असतो, त्याला सायलेन्सर म्हणतात. तो आवाज गिळतो. बाकी माझं काही बिघडलं तर मोटार थांबते. ही नळी बिघडली तर मोटार चालत राहते, आणि आत बसलेला माणूस थांबतो. आलं लक्षात?

माझा जन्म विलायतेतला. आमची कंपनी तेव्हा नवी होती आणि तिला मोठ्या लोकांच्या मोटारी करायच्या होत्या. मला जोडत होते त्या शेडला लागूनच आराखडे काढणाऱ्यांची खोली होती. दार उघडंच असायचं. एकदा तिथे बडे साहेब आले आणि माझ्या नळीवरून बोलणं निघालं. एक चष्मेवाले गृहस्थ होते, जन्मभर आराखडे काढून पाठीला बाक आलेला. ते म्हणाले, "साहेब, नळी स्टेनलेसची करू. नवा धातू आहे, महाग आहे, पण गंजत नाही. ही मोटार दोन पिढ्या टिकेल असं आपण लोकांना सांगतोय."

"बॉनेटला रंगाचे हात किती देताय?" साहेबांनी विचारलं.

"हवे तितके. चेहरा दिसेपर्यंत."

"कातडं?"

"सगळ्यात उंची."

"मग झालं तर. नळीला साधा पत्रा लावा. खाली वाकून कोण बघतंय?"

"पण साहेब, धुरात पाणी असतं. मोटार थंड झाली की ते नळीत साचतं. पत्रा आतून खाल्ला जातो, बाहेरून कळतसुद्धा नाही."

साहेब हसले. म्हणाले, "ज्याला ही मोटार परवडते, तो माणूस वाकत नाही. आणि पत्रा खाल्ला जाईल तोपर्यंत ही दुसऱ्या कुणाची तरी झालेली असेल."

खोलीतले सगळे हसले. चष्मेवाले तेवढे हसले नाहीत. त्यांनी मान खाली घालून आराखड्यावर काहीतरी खोडलं आणि काहीतरी लिहिलं. मी तेव्हा कोरी होते, रंगाचा वास अजून अंगाला होता. मला वाटलं, मोठ्या घरी असंच बोलत असतील.

पुढे मला बोटीत घालून इकडे मलायात पाठवलं. रबराच्या मळ्याचा एक गोरा साहेब माझा पहिला मालक. इथली हवा तुम्हाला माहीत आहे ना? वाळत घातलेला रुमाल दुसऱ्या दिवशीही ओलाच. विलायतेत जी नळी चार वर्षं काढती, ती इथे दीड वर्षात संपली. खालून फटफट आवाज येऊ लागला. साहेब लालबुंद झाला. धूर कुठे जातोय, ते त्याने विचारलंच नाही. क्लबासमोर उतरताना लोक वळून बघतात, याची त्याला लाज. नवी नळी मागवली. कुठली? तीच. साध्या पत्र्याची. आराखड्यात तीच लिहिली होती ना!

गोरा गेला, चिनी शेठ आला. शेठ गेला, एक डॉक्टर आले. सीटचं कातडं बदललं, रंग तीनदा बदलला, आरसे बदलले. पोटाखाली मात्र जी येईल ती पत्र्याची. माझ्या घरात इतक्या नळ्या नांदून गेल्या की त्यांची तोंडंही मी विसरले. यायच्या तेव्हा काळ्या कुळकुळीत, ठणठणीत. जायच्या तेव्हा हात लावला तरी भुगा. त्यांचा दोष नव्हता, बिचाऱ्यांचा. ज्या कामाला त्यांना आणलं त्या कामाच्या त्या नव्हत्याच. आणि आणणाऱ्याला ते ठाऊक होतं.

डॉक्टर वारले आणि मी एका गोदामात पडून राहिले. टायर बसले, कातडं तडकलं. तिथून मला रवींद्रने बाहेर काढलं.

रवींद्र पुण्याचा. गेली कित्येक वर्षं इथेच आहे. जुरोंग आयलंडवर तेलाचे मोठमोठे कारखाने आहेत, तिथे तो इंजिनिअर आहे. त्याचं काम ऐकाल तर हसाल. तो नळ्या तपासतो! कुठल्या नळीला कुठला धातू हवा, कुठे गंज धरलाय, कुठे पत्रा पातळ झालाय, हे बघायचा त्याला पगार मिळतो. रोज सकाळी गळ्यात पास अडकवून कंपनीच्या बसने जातो. मला वाटलं, चला, अखेर माझ्या नळीला कुणी जाणता भेटला.

पोरगं प्रेमळ आहे, खोटं कशाला बोलू? सुट्टीच्या दिवशी बनियनवर येऊन तासन्‌तास मला पुसायचा. सगळं कसं जुन्यासारखं हवं, हा त्याचा हट्ट. स्क्रूसुद्धा त्या काळचा शोधून लावायचा. त्याच्यासारख्याच जुन्या मोटारी पाळणाऱ्यांचं एक टोळकं आहे. एकमेकांकडे जातात, बॉनेट उघडतात आणि "ओरिजिनल आहे का?" म्हणून विचारतात, सोयरीक जमवताना कूळ विचारावं तसं. नळीची वेळ आली तेव्हा रवींद्रने ती विलायतेहून मागवली. आराखड्याप्रमाणे. साध्या पत्र्याची.

त्याची बायको अनुया रॅफल्स प्लेसला बँकेत आहे, बोलायला चटपटीत. ती म्हणाली, "रवी, तुझ्या प्लँटमध्ये चालेल का रे असला पाइप?"

"प्लँटमध्ये? एक दिवस नाही चालणार."

"मग हिला का?"

"अगं, ही अँटिक आहे. स्टेनलेस लावली तर जाणकार हसतील."

पाहिलंत? बड्या साहेबांनी काटकसर केली, आणि नव्वद वर्षांनी ती काटकसर देव्हाऱ्यात जाऊन बसली.

आता सविताबाईंबद्दल सांगते. रवींद्रची आई. वय झालंय, गुडघे वाकत नाहीत, पण जीभ अजून कशी लखलखीत आहे. पहिल्यांदा मला बघितलं तेव्हा कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ही म्हातारी रस्त्यात बसणार तर नाही ना रे?" म्हातारी कोण गं, म्हातारी? पण त्या आत बसल्या, हाताने कातडं चाचपलं, अक्रोडाच्या लाकडावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "बाई घरंदाज आहे हो." तेव्हापासून आमचं जमलं. मागच्या सीटवर उजवीकडची जागा त्यांची. डावीकडे नात जाई. जाई इथल्याच शाळेत जाते, आजी मराठीत बोलली की ही इंग्रजीत उत्तर देते, शेवटी इथल्या पोरांसारखा 'ला' लावून, आणि दोघींचं बिनबोभाट चालतं.

इतक्या जुन्या मोटारीला इथे वर्षातून मोजकेच दिवस रस्त्यावर यायची परवानगी असते. त्यातला एक दिवस दसऱ्याचा. दसऱ्याला मला धुवायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, लिटिल इंडियातल्या देवळात नेऊन पूजा करायची आणि परत आणून झाकायचं. मधल्या दिवसांत रवींद्र कधीतरी येऊन इंजिन चालू करायचा, पाच मिनिटं कान देऊन ऐकायचा आणि बंद करून वर जायचा. मित्रांनो, यात माया होती, पण नळीचा जीव त्यानेच जायचा. पाच मिनिटांत नळी पुरती तापत नाही. धुरातलं पाणी आतच राहतं, आणि वरून कापड. ओले कपडे पेटीत घालून ठेवले तर काय होईल? तसंच.

यंदा दसऱ्याच्या पंधरवडाभर आधी खालून फटफट सुरू झाली. तळघरात आवाज असा घुमला की रखवालदार धावत आला. रवींद्र पुठ्ठा अंथरून माझ्याखाली शिरला आणि पेचकस टेकवला. पेचकस पत्र्यातून आरपार गेला. पापड मोडावा तसा आवाज झाला.

"ओरिजिनल नळी ऑर्डर करतो," बाहेर येत तो म्हणाला, "पण दसऱ्याच्या आत यायची नाही."

"मग यंदा तिला नको नेऊ. टॅक्सीने जाऊ," अनुया म्हणाली.

सविताबाई तिथेच फोल्डिंगच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या कडाडल्या, "टॅक्सीने? मंडळातल्या बायकांना मी सांगून बसलेय, मोटारीची पूजा बघायला या म्हणून. त्या उज्ज्वलाबाईंनी तर नवी साडी काढलीय त्यासाठी. आता काय सांगू, सायलेन्सर फुटला?"

"आई, तसं नाही, पण..."

"पण काय? तू इंजिनिअर ना रे? तिकडे बेटावर एवढाली धुराडी सांभाळतोस, आणि घरची एक नळी बांधता येत नाही?"

तो शब्द त्याला लागला. दुसऱ्या दिवशी त्याने एक पट्टी आणली, मोडलेल्या हाताला बांधतात तसली, पण कडक होणारी. दिसलं तेवढं भोक त्याने लुकण भरून बुजवलं, वरून पट्टी गुंडाळली, आणि त्यावर चंदेरी रंग मारला. इंजिन चालू केलं. मी गप्प.

"बघ! जरासुद्धा आवाज नाही," तो म्हणाला.

अनुयाने विचारलं, "थांबला, की कोंडलास?"

तो हसला. सविताबाईही हसल्या. मला हसू आलं नाही. नळीची खालची बाजू त्याला दिसली, ती त्याने बांधली. वरची बाजू माझ्या लाकडी तळाकडे असते, ती पडल्यापडल्या दिसत नाही. तिथेही पत्रा तितकाच खाल्लेला होता. खालून वाट बंद झाली, आता धूर वरून वाट काढणार होता. वर कोण बसतं? मी आत्ताच सांगितलं तुम्हाला.

दसरा उजाडला. कॉन्डोत गाड्या धुवायची जागा आहे, तिथे मला नेऊन नळाखाली न्हाऊ घातलं. पोटाखालीही पाण्याचा झोत मारला, पट्टी चिंब भिजली. मग हळदकुंकू, माळ, चाकांखाली लिंबं. अनुयाने मागच्या घडीच्या फळीवर ताम्हन ठेवलं, एका केळ्यात चार उदबत्त्या खोचल्या आणि पेटवल्या.

"देवळापर्यंत तेवत राहिल्या पाहिजेत," सविताबाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी अर्ध्या वाटेत विझल्या, मला नाही आवडलं ते."

म्हणून मागच्या काचा वर केल्या. मधली काचेची भिंतही सरकवून बंद केली, कारण मला वळायचे पिवळे दिवे नाहीत, वळताना हात दाखवावा लागतो, म्हणून रवींद्रची काच उघडी असते आणि वारा येतो. पुढे रवींद्र आणि अनुया वाऱ्यावर, मागे आजी आणि नात बंद डब्यात.

एक्स्प्रेसवेवर मी छान धावले. मग सेरंगून रोड लागला. दिवाळीच्या कमानी लागलेल्या, खरेदीची झुंबड, बसच्या मागे बस. मी उभी. इंजिन चालू आणि मी उभी. तळाच्या फळ्यांमधून धूर वर येऊ लागला. इंजिनाच्या धुराचा एक कडवट वास असतो, तो आला असता तर सविताबाईंनी तेव्हाच नाक धरलं असतं. पण तिथे चार चंदनी उदबत्त्या जळत होत्या. त्या वासाने बाकी सगळे वास झाकले.

"आजी, सो स्टफी ला," जाई म्हणाली. "विंडो ओपन करू?"

"नको गं. विझतील त्या."

"पण हेडेक होतंय."

"सकाळपासून पोटात काय घातलंयस? दूधसुद्धा अर्धं टाकलंस. पूजा झाली की जेव, थांबतं डोकं."

"तुझं नाही दुखत?"

"दुखतंय थोडं. मलाही उपास आहे ना."

आणखी दोन बसच्या लांबीएवढे आम्ही पुढे सरकलो. जाईने आजीच्या मांडीवर डोकं ठेवलं. सविताबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवायला घेतला. हात फिरता फिरता मंद झाला आणि मग तिथेच राहिला. मान सीटच्या कोपऱ्याला टेकली. उदबत्तीची राख केळ्यावर पडत होती.

रवींद्रने काचेतून मागे पाहिलं. त्याचा चेहरा असा खुलला! अनुयाला म्हणाला, "बघ, आईला कशी गाढ झोप लागलीय. आणि जाईलासुद्धा. याला म्हणतात मोटार. पाळणा आहे, पाळणा!"

अनुया वळली, तिनेही पाहिलं, तीही हसली. "झोपू दे. पहाटे चारपासून उठल्यात," म्हणाली.

मित्रांनो, माझ्या जन्मात मी इतकी हतबल झाले नव्हते. माझ्या पोटात दोन जीव विझत होते, आणि ज्यांचे ते होते ते कौतुकाने बघत होते. मला हात नाहीत. मला तोंड नाही. होता तो एक आवाज, आणि तोच पट्टी बांधून बंद केला होता. मोठ्या लोकांची मोटार कशी मुकी हवी, हेच माझ्या जन्माआधीपासून सगळ्यांनी धरून ठेवलेलं. मीही आयुष्यभर त्याच्याच तोऱ्यात राहिले. फटफटणाऱ्या मोटारी दिसल्या की मनात म्हणायचे, कुठल्या हलक्या घरच्या!

पुढे देवळाच्या गल्लीत वळायचं होतं. तिथे रस्त्याला आडवा उंचवटा आहे. पुढची चाकं चढली, उतरली. मग मागची चढली. तापून सुटलेली ती ओली पट्टी, त्याखालचा भुगा झालेला पत्रा, त्यावर लोंबणारा सायलेन्सरचा डबा. मी ते झटकलं का ते आपणच पडलं, हे मला विचारू नका. पण मागची चाकं आदळली आणि नळी काडकन मोडली. सगळा लोखंडी बोजा खण्णकन रस्त्यावर पडला, आणि उघड्या तोंडाने माझं इंजिन जे बोंबललं!

अख्खी गल्ली वळली. फुलांच्या दुकानातली बाई गजरा तसाच सोडून उठली. कबुतरं उडाली. देवळाच्या पायऱ्यांवर मंडळाच्या बायका नटून उभ्या होत्या, त्यांनी कानांवर हात ठेवले. माळ घातलेली, हळदकुंकू लावलेली मी, भर रस्त्यात, दाराशी आलेली, आणि हा असा आवाज. रवींद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने इंजिन बंद केलं, खाली उडी मारली आणि आधी कुठे धावला असेल? खाली बघायला! आयुष्यात पहिल्यांदा भर रस्त्यात वाकला.

अनुयाने मागचं दार उघडलं. "आई, उतरा, मोटारीचं काहीतरी..."

सविताबाई उतरल्या नाहीत. त्या दाराच्या बाजूने कलंडल्या.

"रवी!" अशी हाक मी कधी ऐकली नव्हती. "रवी, आई उठत नाहीयेत! जाई! जाई, डोळे उघड!"

तो धडपडत उठला. उघड्या दारातून त्याच्या तोंडावर आतली हवा आली, उदबत्तीची, आणि त्याखाली कडवट. त्याने अनुयाकडे पाहिलं. नळ्या तपासणारा माणूस तो. एका श्वासात त्याला सगळं समजलं, आणि त्याचं तोंड असं पांढरं पडलं की ते मला अजून दिसतं.

मग सगळे धावले. जाईला उचलून दुकानापुढच्या व्हरांड्यात नेलं. मोकळ्या हवेत तिला आधी उलटी झाली आणि मग रडू फुटलं. रडू फुटलं म्हणून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सविताबाईंना फुलवालीच्या बाकावर निजवलं, मोगऱ्याच्या पाट्या तिने पायाने बाजूला लोटल्या. उज्ज्वलाबाई नव्या साडीचा पदर खोचून वारा घालत होत्या आणि ओरडत होत्या, "सविता, अगं ए सविता, बोल की काहीतरी! एरवी गप्प बसत नाहीस!" सविताबाई बोलल्या नाहीत. अ‍ॅम्ब्युलन्स आली, तोंडावर ऑक्सिजन लावला, दारं लागली. चौघं गेली.

मी तिथेच, माळेसकट. संध्याकाळी टोइंगवाल्याने उचलून मला तळघरात आणून टाकलं.

नंतरचे दिवस मी कापडाखाली काढले. कुणी आलं नाही, इंजिन ऐकायलाही नाही. सविताबाई गेल्या की राहिल्या, ते मला कोण सांगणार? झेंडू माझ्या नाकावर सुकला आणि मग कुजला. मी स्वतःशी घोकत बसले, माझ्या पोटात गेल्या, माझ्या पोटात गेल्या. कुणी मला भंगारात घातलं असतं तर मी हूं की चूं केलं नसतं.

मग एके दिवशी लिफ्टचं दार उघडलं आणि आवाज आला, "हळू काय हळू? चालतेय ना मी?"

कापड निघालं. समोर चार पायांच्या काठीवर सविताबाई. सुकलेल्या, पण उभ्या. मागे रवींद्र, अनुया, जाई. शेजारी एक लांबट खोका, विलायतेहून आलेला.

"आई, मी हिला विकून टाकतो," रवींद्र म्हणाला. खाली मान. "माझ्याच्याने नाही बघवत."

"म्हणजे आता दुसऱ्या कुणाची तरी आई मागे बसणार?"

रवींद्रने खोका पायाने मागे सरकवला.

"त्या खोक्यात काय आहे?"

"नवी नळी. ओरिजिनल."

"म्हणजे तोच पत्रा?"

"कंपनीने तोच ठरवलाय, आई. पहिल्यापासून."

"त्या कंपनीवाल्यांची आई बसली होती का रे मागे?"

मित्रांनो, मला ते चष्मेवाले आठवले. त्यांच्या तोंडातून जे निघायला हवं होतं ते निघायला नव्वद वर्षं लागली.

रवींद्रच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला ठाऊक होतं, आई. तिकडे असा पाइप दिसला तर मी सगळं काम थांबवतो. इकडे लोक हसतील म्हणून..."

"हसू दे मेल्यांना. माझ्या पोह्यांचा डबा लग्नातला आहे, स्टीलचा. अजून एक डाग नाही त्याला. त्या स्टीलची कर, आणि तळाच्या फळ्यांमधल्या फटीही बुजव. आणि मी काय, आवाज बंद झाला म्हणून हसत बसले होते तिथे. मलाही कळायला हवं होतं." मग माझ्या नाकावर हात ठेवून म्हणाल्या, "हिला कुठे विकतोस? ही ओरडली म्हणून मी आहे."

खोका तसाच परत गेला. स्टीलची नळी इथेच करून घेतली. जाणकारांचं टोळकं येऊन गेलं, एकाने नाक मुरडलंच. रवींद्रने त्याला मागच्या सीटवर बसायला सांगितलं आणि सगळी गोष्ट ऐकवली. गृहस्थ घरी गेला आणि स्वतःच्या मोटारीखाली शिरला म्हणतात.

नवी नळी लावून मला बाहेर काढायचा दिवस आला. सगळे तयार, जाई बसायला निघाली, तर सविताबाईंनी काठी आडवी धरली. "थांब. आधी मी बघणार."

"आई, तुम्ही वाकणार कशा?" अनुया म्हणाली.

त्यांनी पिशवीतून कुंकू लावायचा हातातला आरसा काढला. तो लांब दांड्याच्या उलथन्याला जाईच्या रिबिनीने करकचून बांधलेला होता. त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या, आणि आरसा माझ्या पोटाखाली सरकवला.

"लाइट दाखव गं जाई. तिकडे नाही, वर. वरची बाजू दिसली पाहिजे."

"आजी, यू लुक लाइक एअरपोर्ट सिक्युरिटी ला!"

"असू दे. नीट धर."

आरसा हळूहळू पुढे सरकला, पार मागच्या टोकापर्यंत. मालकांच्या सीटवर बसणाऱ्यांपैकी माझं पोट बघणारी ती पहिली. आणि त्या आरशात मीही पाहिलं. इतकी वर्षं मला माझं नाक तेवढं माहीत होतं, दुकानांच्या काचांतून बघितलेलं. पोट आत्ता पाहिलं. डागलेलं, ठिगळं लावलेलं, आणि मधून ती एक स्वच्छ नळी.

मित्रांनो, मी दमलेली आहे, फार शिकवत बसत नाही. तुमच्याही घरात माझ्यासारखं काहीतरी असेल, वरून चकचकीत, दसऱ्याला हळदकुंकू लावलेलं. त्याला पुसा, माळ घाला, मला आनंदच आहे. पण कधीतरी त्याच्या खालीही बघा. आणि ते आवाज करू लागलं तर त्याचं तोंड बांधण्याआधी त्याला विचारा, बाई गं, कुठे दुखतंय?

सविताबाईंनी आरसा बाहेर काढला, पदराने पुसला. "हं. बसा आता," म्हणाल्या.

त्या आत बसल्या, उजवीकडे, आपल्या जागी. फळीवर केळं होतं, केळ्यात उदबत्ती होती. अनुया सवयीने काच वर करायला गेली, तर म्हाताऱ्या हाताने तिचं मनगट धरलं.

"राहू दे उघडी. विझली तर विझली."